मतदानाआधीचा पैसा

डेब्रा मॅगार्ट बंदुकीच्या विरोधात आहेत, असं त्यांच्या कट्टर विरोधकालाही म्हणता आलं नसतं. टेनेसी राज्याच्या विधिमंडळात त्या रिपब्लिकन पक्षाच्या आमदार होत्या, पक्षाच्या तिथल्या गटाच्या अध्यक्ष होत्या आणि नॅशनल रायफल असोसिएशनच्या, म्हणजे एनआरएच्या, आजीव सभासदही होत्या. 2012 साली त्या राज्यात एक विधेयक आलं. कर्मचाऱ्याने कामावर येताना बंदूक आणली आणि मालकाच्या पार्किंगमध्ये उभ्या केलेल्या आपल्या गाडीत ती कुलपात ठेवली, तर मालकाने त्याला मनाई करायची नाही, एवढाच त्याचा मुद्दा. मेम्फिसमध्ये मुख्यालय असलेल्या फेडेक्सने आणि चॅटनूगात कारखाना असलेल्या फोक्सवॅगनने त्याला विरोध केला. आमच्या जागेत काय आणायचं आणि काय नाही हे आम्ही ठरवू, असं त्यांचं म्हणणं होतं. एकीकडे बंदूकधारक, दुसरीकडे उद्योजक, आणि दोघेही आपलेच. पक्षनेतृत्वाने मधला मार्ग काढला. विधेयक त्या अधिवेशनात मतदानाला येऊच दिलं नाही.

काही महिन्यांनी मॅगार्ट यांच्या मतदारसंघात प्रायमरी होती, म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण हे मतदारांनीच ठरवण्याची निवडणूक. तिथे एनआरए त्यांच्याविरुद्ध उतरली. एका राज्याच्या विधिमंडळातल्या एका जागेसाठी, तीही पक्षांतर्गत लढतीत, तिने लाखाहून जास्त डॉलर ओतले. रस्त्याकडेच्या फलकांवर मॅगार्ट यांचा फोटो बराक ओबामांच्या फोटोशेजारी लागला. रिपब्लिकन मतदारांच्या त्या भागात यापेक्षा मोठा आरोप दुसरा नव्हता. मॅगार्ट हरल्या. पुढच्याच वर्षी, 2013च्या मार्चमध्ये, पार्किंगमधल्या बंदुकीला मुभा देणारा कायदा टेनेसीत मंजूर झाला.

अमेरिकेत बंदुकीवरच्या कायद्यांचं काय होतं हे समजून घ्यायचं, तर वॉशिंग्टनपेक्षा टेनेसीपासून सुरुवात केलेली बरी. कारण एनआरएने आमदार-खासदार ‘विकत घेतले’ असं आपण सहज म्हणून जातो, आणि त्या शब्दामुळे खरी यंत्रणा नजरेआड होते. मॅगार्ट यांना कुणी लाच दिली नव्हती. पैसा खर्च झाला तो त्यांना पाडण्यासाठी, आणि एका मतदारसंघातला तो निकाल राज्यातल्या प्रत्येक रिपब्लिकन आमदाराने नीट वाचला. पुढच्या वर्षी त्यांचं मत मिळवण्यासाठी वेगळा डॉलर खर्च करावा लागला नाही.

भारतातल्या वाचकाला इथे एक फरक लक्षात घ्यावा लागतो. आपल्याकडे 1985च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर खासदार किंवा आमदार व्हिप मोडून मत देऊ शकत नाही. दिलं तर पद जातं. त्यामुळे आपल्याकडे ज्याला कायदा वळवायचा असतो, तो पक्षाच्या नेत्यांकडे जातो. अमेरिकेत व्हिप आहे, पण त्याला दात नाहीत. सिनेटर पक्षाविरुद्ध मत देऊनही सिनेटर राहतो. तो उमेदवारी पक्षाध्यक्षाकडून आणत नाही, प्रायमरीत मतदारांकडून मिळवतो, आणि प्रचाराचा पैसाही बव्हंशी स्वतःच गोळा करतो. म्हणून तिथे दबाव प्रत्येक माणसावर वेगवेगळा टाकावा लागतो. काम जिकिरीचं आहे, पण एकदा जमलं की पक्षापेक्षा दबाव टाकणारी संघटना त्या माणसाच्या जास्त जवळ जाते.

आता पैशाकडे येऊ. तिथल्या कायद्यानुसार एखाद्या संघटनेची राजकीय समिती केंद्रीय निवडणुकीतल्या उमेदवाराला एका निवडणुकीसाठी थेट 5,000 डॉलरच देऊ शकते. प्रायमरी आणि मुख्य निवडणूक वेगळी धरली, तर 10,000. सिनेटच्या ज्या लढतीत कोट्यवधी डॉलर उडतात, तिथे या रकमेला काय किंमत? खरा खर्च वेगळ्या खात्यात पडतो, त्याला ‘स्वतंत्र खर्च’ म्हणतात. उमेदवाराच्या हातात पैसा द्यायचा नाही, त्याच्याशी संगनमत करायचं नाही. पण त्याच्या बाजूने, आणि बहुतेक वेळा त्याच्या विरोधकाविरुद्ध, स्वतःच जाहिराती करायच्या. सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 मधल्या ‘सिटिझन्स युनायटेड’ निकालानंतर अशा खर्चाचे दरवाजे सताड उघडले. 2016च्या निवडणुकीत एनआरएने असे पाच कोटींहून जास्त डॉलर खर्च केले. त्यातले सुमारे तीन कोटी एकट्या अध्यक्षपदाच्या लढतीत, डोनाल्ड ट्रम्प यांच्या बाजूने आणि हिलरी क्लिंटन यांच्या विरोधात गेले. ज्याला कायदा ‘लॉबिंग’ म्हणतो, म्हणजे खासदारांना भेटणं, मसुदे देणं, समित्यांपुढे म्हणणं मांडणं, त्यावर त्या काळात संस्था वर्षाला तीस ते पन्नास लाख डॉलर खर्च करत होती. औषध कंपन्यांच्या संघटनांपुढे ही रक्कम किरकोळ आहे.

मग एवढ्या किरकोळ रकमेचा एवढा दरारा कसा? याचं उत्तर पैशाइतकंच माणसांत आहे, आणि ती माणसं एका दिवसात गोळा झाली नाहीत. एनआरए 1871 साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झाली. यादवी युद्धात सैनिकांचा नेम किती कच्चा आहे हे पाहिलेल्या उत्तरेच्या अधिकाऱ्यांनी नेमबाजी शिकवण्यासाठी ती काढली. पुढचं जवळजवळ शतकभर तिचं मुख्य काम नेमबाजी, शिकार आणि सुरक्षित हाताळणी हेच राहिलं. अध्यक्ष केनेडींची हत्या ज्या रायफलने झाली, ती एनआरएच्याच मासिकातली जाहिरात पाहून टपालाने मागवलेली होती. त्यानंतर टपालाने बंदूक विकण्यावर बंदी आणण्याची गोष्ट निघाली, तेव्हा संस्थेच्या प्रमुखांनी संसदेपुढे तिला पाठिंबाही दिला होता. 1977च्या मे महिन्यात सिनसिनाटीच्या वार्षिक सभेत हार्लन कार्टर यांच्या कडव्या गटाने जुनी कार्यकारिणी रातोरात उलथवली. बंदुकीवरचं कुठलंही बंधन म्हणजे जप्तीची पहिली पायरी, ही भूमिका तेव्हापासून संस्थेची झाली. संस्थेच्या मासिकाच्या अनेक दशकांच्या अंकांचा अभ्यास राज्यशास्त्रज्ञ मॅथ्यू लाकोम यांनी केला आहे. बंदूक बाळगणारा म्हणजे स्वावलंबी, कायदा पाळणारा, देशभक्त माणूस, ही ओळख त्या पानांतून वर्षानुवर्षं घडवली गेली, आणि ती धोक्यात आहे असं वाटताच पत्रं लिहायची, फोन करायचे, मतदानाला जायचं ही सवयही लागली, असं ते दाखवतात. पैशाने काही विकत घेतलं असेल, तर ते हेच. कोणत्या दिवशी, कोणत्या विधेयकावर, कुणाला फोन करायचा हे लाखो लोकांना काही तासांत कळवण्याची ताकद.

त्यावर संस्थेने शाळेसारखं प्रगतिपुस्तक बसवलं. प्रत्येक उमेदवाराला ‘ए प्लस’पासून ‘एफ’पर्यंत श्रेणी. उमेदवाराकडून प्रश्नावली भरून घेतात, आधीची मतं तपासतात आणि निवडणुकीआधी श्रेणी सभासदांना कळवतात. एखाद्या विधेयकावरचं मत या श्रेणीत धरलं जाईल, एवढं एक पत्र संस्थेने काढलं की सिनेटरच्या कार्यालयात वातावरण बदलतं.

17 एप्रिल 2013च्या दुपारी हे सारं एकत्र दिसलं. चारच महिन्यांपूर्वी, 14 डिसेंबर 2012ला, कनेक्टिकटमधल्या न्यूटाउन गावी सँडी हूक प्राथमिक शाळेत वीस लहान मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेली होती. मुलं सहा-सात वर्षांची. आता काहीतरी होईल, असं सगळ्या देशाला वाटत होतं. सिनेटपुढे आलेली दुरुस्ती अगदी सौम्य होती. दुकानदार बंदूक विकतो तेव्हा खरेदीदाराचा गुन्हेगारी इतिहास तपासतात, तशीच तपासणी बंदुकांच्या जत्रांत आणि इंटरनेटवरच्या जाहिरातींतून होणाऱ्या विक्रीलाही लागू करायची. घरच्यांना, मित्रांना दिलेली बंदूक त्यातून वगळली होती. सरकारने बंदूकधारकांची राष्ट्रीय नोंदवही करायची नाही, केली तर तुरुंगवास, असंही त्यात लिहिलं होतं. मांडणारे दोघे म्हणजे वेस्ट व्हर्जिनियाचे डेमोक्रॅट जो मॅन्चिन आणि पेनसिल्व्हेनियाचे रिपब्लिकन पॅट टूमी. दोघांनाही एनआरएची ‘ए’ श्रेणी होती. गंमत नव्हे, खेदाची गोष्ट अशी की 1999 साली कोलंबाइन शाळेतल्या हत्याकांडानंतर एनआरएचे प्रमुख वेन लापियर यांनी संसदेपुढे साक्ष देताना जत्रांतल्या विक्रीला तपासणी लावणं वाजवी आहे असं सांगितलं होतं. 2013 मध्ये संस्थेने त्याच तपासणीला कडाडून विरोध केला आणि हे मत श्रेणीत धरू, असं जाहीर केलं.

जनमत चाचण्यांत दहातल्या नऊ अमेरिकनांचा तपासणीला पाठिंबा होता. एनआरएच्या सभासदांमध्येही बहुमत बाजूने होतं. मतमोजणी झाली: बाजूने 54, विरोधात 46. आणि दुरुस्ती पडली, कारण सिनेटमध्ये चर्चा रोखून धरण्याची प्रथा मोडायला साठ मतं लागतात. विरोधात गेलेल्यांत डेमोक्रॅट सिनेटर पाच. त्यातले सभागृहनेते हॅरी रीड यांनी विषय पुन्हा आणता यावा म्हणून तांत्रिक कारणासाठी तसं मत दिलं. उरलेले चौघे मोंटाना, अलास्का, नॉर्थ डाकोटा आणि आर्कान्सा या राज्यांचे. ही शिकारीची, विरळ वस्तीची, रिपब्लिकनांकडे झुकलेली राज्यं. वायोमिंगच्या सहा लाखांहून कमी लोकांना दोन सिनेटर आणि कॅलिफोर्नियाच्या जवळपास चार कोटींनाही दोनच, या रचनेत एका छोट्या राज्यातल्या संघटित अल्पसंख्येला किती वजन येतं हे त्या दिवशी दिसलं. प्रेक्षक सज्जात हत्याकांडांत वाचलेले आणि मारल्या गेलेल्यांचे नातेवाईक बसले होते. निकाल ऐकून तिथून ‘लाज वाटू द्या’ असा आवाज उठला.

विरोधात मत देणाऱ्या चौघांपैकी अलास्काचे मार्क बेगिच आणि आर्कान्साचे मार्क प्रायर दीड वर्षाने निवडणुकीला उभे राहिले. दोघेही हरले. एनआरएला खूश ठेवून त्यांना काय मिळालं, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. भीती निकालावर अवलंबून नसते, निकालाच्या आठवणीवर असते. 1994 साली लष्करी धाटणीच्या रायफलींवर बंदी घालणारं विधेयक प्रतिनिधीगृहात 216 विरुद्ध 214 मतांनी मंजूर झालं होतं. त्या नोव्हेंबरात डेमोक्रॅटांनी 54 जागा गमावल्या, खुद्द सभापती टॉम फोली पडले, आणि त्याचं श्रेय बिल क्लिंटन यांनी एनआरएला दिलं. पराभवाची कारणं अनेक होती. पण पुढची वीस वर्षं डेमोक्रॅट नेते आपसात त्याच एका कारणाचा दाखला देत राहिले. बंदी 2004 साली मुदत संपून गेली आणि ती पुन्हा आणायला पुरेसे हात वर झाले नाहीत.

पैशाने मत फिरतं का, हे आकडेवारीने सिद्ध करणं अवघड आहे. बंदुकीच्या बाजूच्या माणसालाच बंदुकीच्या बाजूचा पैसा मिळतो. आधी कोंबडी की आधी अंडं, कसं ठरवणार? पण पैशाने दार उघडतं, याचा पुरावा आहे. जोशुआ कल्ला आणि डेव्हिड ब्रूकमन या दोन संशोधकांनी 191 खासदारांच्या कार्यालयांत भेटीची विनंती पाठवून पाहिली. काही ठिकाणी भेटायला येणारे मतदारसंघातले मतदार आहेत असं सांगितलं, काही ठिकाणी ते देणगीदार आहेत असं. देणगीदार म्हटल्यावर खासदार किंवा त्याचा वरिष्ठ अधिकारी स्वतः भेटायला येण्याचं प्रमाण तिपटीहून जास्त निघालं. ज्याचं म्हणणं रोज ऐकलं जातं, त्याचंच म्हणणं जनमत वाटू लागतं.

आणि काही मतदानं कधी दिसतच नाहीत, कारण ती दुसऱ्याच विषयाच्या पोटात लपलेली असतात. 1996 साली आर्कान्साचे रिपब्लिकन खासदार जे डिकी यांनी अर्थसंकल्पीय विधेयकात एक वाक्य घातलं: साथरोग नियंत्रणाच्या केंद्रीय संस्थेने, सीडीसीने, आपला निधी बंदूक नियंत्रणाचा पुरस्कार करायला वापरू नये. त्याआधी संस्थेच्या पैशातून झालेल्या एका अभ्यासात घरात बंदूक असेल तर त्या घरात खून होण्याचा धोका वाढतो, असं आढळलं होतं. आदल्या वर्षी बंदुकीच्या जखमांवरच्या संशोधनावर संस्थेने जेवढे खर्च केले होते, नेमके तेवढेच, 26 लाख डॉलर, तिच्या निधीतून काढून घेतले गेले. वाक्यात संशोधनावर बंदी नव्हती. पण कोणता शास्त्रज्ञ आपल्या संस्थेचा निधी पणाला लावेल? वीसहून जास्त वर्षं हे काम जवळजवळ बंद पडलं. 2012 साली डिकी यांनी, सीडीसीत पूर्वी हे संशोधन सांभाळणाऱ्या मार्क रोझेनबर्ग यांच्यासोबत लेख लिहून, संशोधन व्हायला हवं असं जाहीरपणे मान्य केलं. पुन्हा पैसे मिळाले ते 2019च्या अखेरीस, अडीच कोटी डॉलर. दरम्यान काय घडलं? 2020 सालापासून एक ते एकोणीस वर्षं वयाच्या अमेरिकन मुलांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक आहे. तिने मोटार अपघातांनाही मागे टाकलं.

वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गला एक सरकारी कार्यालय आहे. गुन्ह्याच्या जागी सापडलेली बंदूक कुणी विकत घेतली होती, हे देशभरच्या पोलिसांना इथूनच शोधून मिळतं. आपल्याला वाटेल, क्रमांक टाकला की पडद्यावर नाव येत असेल. तसं होत नाही. 1986च्या कायद्याने सरकारला विक्रीच्या नोंदींचं केंद्रीय रजिस्टर करायला मनाई केली. म्हणून कर्मचारी आधी उत्पादकाला फोन करतो, तो घाऊक विक्रेत्याचं नाव सांगतो, मग विक्रेत्याला फोन, तो दुकानाचं नाव सांगतो, मग दुकानदार आपल्या वहीत खरेदीदाराचं नाव शोधतो. दुकान बंद पडलेलं असेल तर त्याची सारी कागदपत्रं खोक्यांतून मार्टिन्सबर्गला येतात. हाताने लिहिलेल्या वह्या, पाण्याने भिजलेले फॉर्म, एकावर एक रचलेली खोकी. वजनाने मजला खचेल म्हणून बाहेरच्या आवारात मालवाहू कंटेनर आणून त्यांत खोकी ठेवायची पाळी आली होती. कागद स्कॅन होतात, पण चित्र म्हणून. नाव टाकून शोधता येईल अशा रूपात ते ठेवायला परवानगी नाही. माणूस पडद्यावर पान उलटत बसतो. वर्षाला लाखो बंदुकांचा माग असा काढला जातो. संगणकात एका रात्रीत होईल ते काम होऊ न देण्यासाठी कायदे करून घेतले गेले आहेत. हे कार्यालय ज्या केंद्रीय संस्थेचं आहे, तिच्या संचालकाला सिनेटची मंजुरी लागेल असं 2006 मध्ये ठरवलं गेलं. त्यानंतरच्या जवळपास वीस वर्षांत फक्त दोघांना ती मिळाली. 2005च्या आणखी एका कायद्याने बंदूक कंपन्यांना बहुतेक नुकसानभरपाईच्या दाव्यांपासून संरक्षण दिलं. सँडी हूकच्या काही कुटुंबांनी जाहिरातींच्या मुद्द्यावरून फट शोधली आणि 2022 साली रेमिंग्टनच्या विमा कंपन्यांकडून सात कोटी तीस लाख डॉलर मिळवले. तोवर नऊ वर्षं उलटली होती.

हत्याकांडानंतर काहीच करायचं नाही, हे कुठल्याही खासदाराला परवडत नाही. मतदारांना तोंड दाखवायचं असतं. इथे शाळांची सुरक्षितता हा विषय उपयोगी पडला. सँडी हूकनंतर आठवड्याने लापियर यांनी वॉशिंग्टनमध्ये पत्रकार परिषद घेतली आणि वाईट माणसाच्या बंदुकीला चांगल्या माणसाची बंदूकच रोखू शकते, असं सांगून प्रत्येक शाळेत सशस्त्र रक्षक ठेवा, अशी मागणी केली. प्रश्न बंदुकीचा होता, तो दरवाजांचा झाला. कुलपं, कॅमेरे, गोळी न भेदणाऱ्या काचा, धातुशोधक, रक्षक. यांतल्या प्रत्येक वस्तूचे विक्रेते आहेत, आणि त्यांच्याही संघटना सरकारी निधीसाठी खासदारांकडे जातात. मार्च 2018 मध्ये, फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या हत्याकांडाला महिना होत होता त्या दिवशी, देशभरचे विद्यार्थी वर्ग सोडून बंदूक नियंत्रणासाठी रस्त्यावर उतरले होते. त्याच दिवशी प्रतिनिधीगृहाने शाळांच्या सुरक्षेला अनुदान देणारं विधेयक 407 विरुद्ध 10 मतांनी मंजूर केलं. त्यात बंदुकीबद्दल एकही बंधन नव्हतं, आणि एनआरएचा त्याला पाठिंबा होता.

शाळेत मजबूत कुलूप नको, असं कोण म्हणेल? समुपदेशक हवेत, शिक्षकांना प्रशिक्षण हवं, हे सगळं मला पटतं. पण रक्षकाने मुलं वाचतात का, याचा तरी हिशेब व्हायला हवा. 1980 ते 2019 या काळातल्या शाळांतल्या 133 गोळीबारांचा अभ्यास 2021 साली प्रसिद्ध झाला. सशस्त्र रक्षक असलेल्या शाळांत हानी कमी झाल्याचं त्यात दिसलं नाही. इतर गोष्टी जमेस धरूनही तिथे मृत्यूंचं प्रमाण जास्तच होतं. हल्लेखोर बऱ्याचदा मरायलाच आलेला असतो, आणि हातात अर्धस्वयंचलित रायफल असेल तर एक पिस्तूलधारी त्याला काय अडवणार? कोलंबाइनला रक्षक होता, पार्कलंडलाही होता. टेक्सासमधल्या युवाल्डीत शाळांचं स्वतःचं पोलीस दल होतं. 24 मे 2022ला तिथे निरनिराळ्या दलांचे 376 अधिकारी जमले आणि 77 मिनिटं वर्गाचं दार बंदच राहिलं. आत एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. दुसरीकडे सीक्रेट सर्व्हिसच्या 2019च्या अहवालात असं आढळलं, की शाळेत बंदुकीने हल्ला करणाऱ्यांपैकी तीन चतुर्थांशांनी ती आईवडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकांच्या घरातून आणली होती. म्हणजे सर्वांत आधी लागायला हवं होतं ते कुलूप शाळेच्या दाराला नव्हे, घरातल्या कपाटाला. घरात बंदूक कुलपात ठेवण्याची सक्ती करणाऱ्या कायद्यांना मात्र एनआरएचा विरोध राहिला.

न्यू जर्सीत घरं केलेल्या मराठी आईबापांना हे दूरचं वाटत नाही. त्या राज्यात प्रत्येक शाळेला दर महिन्याला सुरक्षेची एक कवायत घ्यावीच लागते. दिवे बंद, दार आतून लावलेलं, मुलं खिडकीपासून दूर एका कोपऱ्यात चिडीचूप. बालवाडीतलं पोरही घरी येऊन डबा पुढ्यात ठेवत सांगतं, आज आम्ही लपायचा सराव केला. पुण्यात, नाशकात वाढलेल्या आईला त्यावर काय बोलावं ते सुचत नाही. मुलांनी लपायला शिकावं, हे त्या देशाने ठरवलं; ते ठरलं ते वॉशिंग्टनमध्ये आणि राज्यांच्या राजधान्यांत, मतं मोजून.

मग हा धाक कधी मोडतो? समोरच्या बाजूचा पैसा जास्त झाला की, हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. 2013 साली कोलोरॅडोत तपासणीचा कायदा करणाऱ्या दोन राज्य सिनेटरांना परत बोलावण्यासाठी निवडणूक झाली. बंदूक नियंत्रणाच्या बाजूने न्यूयॉर्कचे धनाढ्य महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांच्यासह अनेकांनी एनआरएपेक्षा कितीतरी जास्त पैसा लावला. दोन्ही सिनेटर हरले. त्यातले जॉन मॉर्स तर काही शे मतांनी. पैसा बाहेरून आला होता आणि घरोघर फिरणारी चिडलेली माणसं गावातली होती.

त्याउलट 2022 घ्या. युवाल्डीनंतर महिनाभरात सिनेटने जवळपास तीस वर्षांतला पहिला मोठा बंदूकविषयक कायदा 65 विरुद्ध 33 मतांनी मंजूर केला. एकवीस वर्षांखालच्या खरेदीदाराची कसून तपासणी, धोकादायक व्यक्तीकडून न्यायालयाच्या आदेशाने बंदूक काढून घेणाऱ्या राज्यांना मदत, शाळा आणि मानसिक आरोग्यासाठी मोठा निधी. एनआरएने विरोध केला. बाजूने मत देणारे रिपब्लिकन पंधरा होते. नॉर्थ कॅरोलायनाचे रिचर्ड बर त्यात होते. एनआरएने त्यांच्या कारकिर्दीत त्यांच्यासाठी सुमारे सत्तर लाख डॉलर खर्च केले होते, त्यातला बराचसा त्यांच्या विरोधकांना झोडपण्यावर. मिझुरीचे रॉय ब्लंट होते, थॉम टिलिस होते, मिट रॉम्नी होते. सर्वाधिक पैसा ज्यांच्या नावे दाखवला जातो, त्या यादीतली ही वरची नावं. पैसा परत गेला नव्हता. मग बदललं काय? बर आणि ब्लंट यांच्यासह चौघे निवृत्त होत होते. पंधरांपैकी त्या वर्षी मतदारांपुढे जायचं होतं फक्त दोघांना. पुढच्या प्रायमरीची भीती ज्याला नाही, त्याचं मत मोकळं होतं, इतकं हे स्पष्ट आहे. टेक्सासचे जॉन कॉर्निन वाटाघाटींत पुढे होते. आपल्याच राज्याच्या पक्ष अधिवेशनात भाषणाला उभे राहिले, तेव्हा सभागृहाने हुर्यो करून त्यांचं बोलणं ऐकू येऊ दिलं नाही.

एनआरए स्वतः तोवर आतून पोखरली गेली होती. न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्या लेटिशिया जेम्स यांनी खटला भरला, संस्थेने दिवाळखोरीचा अर्ज करून पाहिला, तो फेटाळला गेला. लापियर यांनी जानेवारी 2024 मध्ये राजीनामा दिला आणि पुढच्याच महिन्यात ज्यूरीने संस्थेचा पैसा स्वतःच्या चैनीवर उडवल्याबद्दल त्यांना लाखो डॉलर परत करायला सांगितले. सभासदांच्या वर्गणीतला तो पैसा होता. पण त्यामुळे जागा रिकामी राहिली नाही. बंदूक उत्पादकांची संघटना लॉबिंगच्या खर्चात एनआरएच्या पुढे गेली आहे. तिचं मुख्यालय अनेक वर्षं न्यूटाउनलाच होतं, सँडी हूक शाळेपासून काही मैलांवर.

राहिली फ्लोरिडाची गोष्ट. तिथे पैसा आणि माणसं समोरासमोर आली. 14 फेब्रुवारी 2018ला पार्कलंडच्या शाळेत सतरा जण मारले गेले. आठवड्याच्या आत शंभरेक विद्यार्थी बसमध्ये बसून सुमारे सातशे किलोमीटरवरच्या टॅलहासीला, राज्याच्या राजधानीत, गेले. त्या शाळेतले काही विद्यार्थी सज्जात बसलेले असतानाच राज्याच्या प्रतिनिधीगृहात मतदान झालं. लष्करी धाटणीच्या रायफलींवर बंदी घालावी का, यावर नव्हे. त्या विषयावर चर्चा तरी करावी का, यावर. नको म्हणणारे 71, हवी म्हणणारे 36. मुलं मग एकेका आमदाराच्या दारात गेली. एनआरएच्या तिथल्या प्रतिनिधी मॅरियन हॅमर यांचा शब्द त्या राजधानीत अनेक दशकं चालत आला होता. तरी तीन आठवड्यांत रायफल घ्यायला किमान वय एकवीस, तीन दिवसांची थांबण्याची मुदत, धोकादायक व्यक्तीची बंदूक काढून घेण्याची तरतूद आणि शाळांसाठी चाळीस कोटी डॉलर असा कायदा झाला. राज्याच्या सिनेटमध्ये 20 विरुद्ध 18 मतांनी. गव्हर्नर रिक स्कॉट यांना एनआरएची ‘ए प्लस’ श्रेणी होती; त्यांनी 9 मार्चला सही केली. त्याच दिवशी एनआरए न्यायालयात गेली. स्कॉट त्या नोव्हेंबरात अमेरिकी सिनेटची निवडणूक जिंकले.

2025च्या मार्चमध्ये अपील न्यायालयाने एकवीसची अट कायम ठेवली. त्याच महिन्यात फ्लोरिडाच्या प्रतिनिधीगृहाने वय पुन्हा अठरावर आणणारं विधेयक मंजूर केलं, 2023 आणि 2024 मध्ये केलं होतं तसंच. तिन्ही वेळा राज्याच्या सिनेटने ते मतदानाला घेतलं नाही. टेनेसीत मॅगार्ट यांच्या वेळी जी युक्ती बंदूकवाल्यांच्या रागाला कारण झाली, तीच इथे कायदा वाचवते आहे. विधेयक येईल त्या प्रत्येक अधिवेशनाला पार्कलंडच्या पालकांना टॅलहासी गाठावंच लागतं, कारण बंदूकवाल्या संघटनांचा प्रतिनिधी तिथे वर्षभर असतो.